'बाजारात तुरी' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. कमेंटचं उत्तर कमेंटमध्येच द्यायचं असा माझा नियम आहे, पण लिहायला बसलो आणि ते एवढं वाढलं की वेगळंच टाकतोय.

ज्यांनी मूळ कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी १५० नगांच्या एका लिमिटेड एडिशनची वाट बघतोय, इनॅमल डायलचा, हाताने चावी द्यायचा क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, आणि त्याची डिलिव्हरी तिसऱ्यांदा पुढे गेली म्हणून गेल्या आठवड्यात लेख लिहिला होता. त्याखाली 'एक जुना वाचक' एवढंच नाव टाकून कुणीतरी लिहिलंय: "घड्याळ मनगटावर नाही आणि यांचे त्याच्यावर चार लेख झाले. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. तुमच्यासारख्या लोकांमुळेच कंपन्या आधी पैसे घेऊन वर्ष वर्ष बसवून ठेवतात. आणि कॉस्क घड्याळ तपासत नाही, फक्त मूव्हमेंट तपासते, आधी अभ्यास करा मग लिहा." शेवटी तीन हसणारे चेहरे.

कॉस्कचं, म्हणजे अचूकता तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या स्विस संस्थेचं, आधी घेतो कारण ते तुमचं बरोबर आहे. मी लिहिलं होतं की 'घड्याळ १५ दिवस तपासलं जातं', आणि तपासली जाते ती केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, न बसवलेली मूव्हमेंट, म्हणजे आतली यंत्रणा, ५ पोझिशनमध्ये, ३ वेगवेगळ्या तापमानांत, आणि सरासरी रोजचा फरक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत लागतो. चूक माझी, मान्य. पण ती एका शब्दाची चूक आहे हो, आकडे सगळे बरोबर होते, आणि केसमध्ये बसवलेलं पूर्ण घड्याळ तपासणारी मेटासची, म्हणजे स्विस सरकारी मापन संस्थेची, टेस्ट वेगळी असते हे मी दुसऱ्या लेखात सविस्तर लिहिलंय, तो तुम्ही वाचला असता तर 'आधी अभ्यास करा' हे वाक्य तुमच्या हातून लिहिलं गेलं नसतं असं मला वाटतं. चूक दाखवायची तर दाखवा, दहा जणांनी दाखवल्यात आजवर आणि मी प्रत्येकाचे आभार मानलेत. हसणारे चेहरे कशासाठी?

आता तुरी.

हे वाक्य मला लागलं. दोन दिवस डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहितोय. बाजारात तुरी म्हणजे काय, तर जी वस्तू अजून घेतलेलीच नाही, घेऊ का नाही तेही ठरलेलं नाही, तिच्यावरून आधीच घरात भांडण. माझ्या नावावर नंबर पडलाय. ८७. केसच्या मागच्या बाजूला तो कोरला जाणार आहे, अॅडव्हान्स भरलेला आहे, पावती आहे, आणि डिलिव्हरी पुढे गेल्याची तिन्ही पत्रं माझ्याकडे फाईलला लावलेली आहेत. तुरी माझ्या आहेत, फक्त घरी यायच्यात.

बरं, मी ते घड्याळ बघितलेलं नाही असंही नाही. ऑर्डर द्यायच्या आधी त्याचा प्रोटोटाइप मी वीस मिनिटं हातात घेऊन बसलो होतो. चावी देऊन बघितली, पुशर, म्हणजे स्टॉपवॉचचं बटण, दाबून बघितला, दाबताना आधी थोडा कडक लागतो आणि मग एकदम सुटतो, ते बोटाला अजून आठवतंय. पहिला लेख त्या वीस मिनिटांवरच होता. आणि समजा नसतंच बघितलं तरी काय? ओमेगाने २०१७ च्या जानेवारीत स्पीडी ट्यूजडे नावाच्या लिमिटेड एडिशनची घड्याळं, एकूण २०१२ नग, ऑनलाईन बुकिंगला काढली ती साधारण सव्वाचार तासांत संपली, पुढच्या वर्षीची, अल्ट्रामॅन या जपानी मालिकेवरची, तेवढीच घड्याळं दोन तासांच्या आत संपली, आणि त्यातल्या बहुतेकांनी फक्त फोटो बघून बुक केलं होतं आणि पुढे कित्येक महिने वाट बघितली. त्या महिन्यांत त्या लोकांनी काय गप्प बसायचं होतं का? उलट त्या काळात लोकांनी काय काय खोदून काढलं, जुने रेफरन्स म्हणजे मॉडेल नंबर, जुन्या डायल, कुठला काटा कुठून आला, घड्याळ हातात आल्यावर कोण एवढं खोदतो? हातात आलं की माणूस ते घालतो आणि कामाला जातो.

आणि माझ्या चार लेखांत होतं काय? एक प्रोटोटाइपचा. दुसरा टेस्टिंगचा. तिसरा इनॅमलचा, तो मला स्वतःला सगळ्यात जवळचा आहे, आणि तुमच्या कमेंटमध्ये त्याचा उल्लेखही नाही म्हणून परत थोडं सांगतो, बाकीच्यांनाही उपयोग होईल. इनॅमल डायल म्हणजे रंग नव्हे, ती काच असते. काचेची बारीक पूड धातूच्या पातळ चकतीवर पसरायची आणि ८०० अंश सेल्सियसच्या वर भट्टीत घालायची, बाहेर काढायची, गार होऊ द्यायची, परत थर, परत भट्टी, असं कितीतरी वेळा. मागच्या बाजूलाही थर द्यावा लागतो नाहीतर चकती वाकते. धुळीचा एक कण आत राहिला की काळा ठिपका, आणि तो शेवटच्या भाजणीला दिसला तरी सगळी डायल टाकून द्यायची, आधीच्या सगळ्या मेहनतीसकट. आता क्रोनोग्राफच्या डायलला मधलं एक भोक आणि छोट्या काट्यांची दोन, आणि प्रत्येक भोकाची कड म्हणजे तडा जायची जागा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पत्रात उशिराचं कारण हेच दिलंय, की डायल भट्टीत फुटतायत. मला ते पटतं. तुम्हाला नसेल पटत तर का नाही पटत ते लिहा, मी वाचेन.

चौथ्या लेखात मी जो प्रश्न काढला होता तो तर वाट बघत असल्याशिवाय सुचलाच नसता. डायल तयार नाहीत पण मूव्हमेंट तयार आहेत, असं असेल तर त्या मूव्हमेंटमधलं तेल नुसतं पडून पडून जुनं होतंय का? दोनशेहून जास्त भागांची यंत्रणा आहे, तिच्यात कुठे घट्ट कुठे पातळ असं तेल असतं आणि घड्याळ चालो न चालो, वर्षांनी ते खराब होतंच. म्हणून मी डीलरला विचारलं, आणि उत्तर आलं की डायल पास झाल्यावर प्रत्येक मूव्हमेंट परत तपासून, रेग्युलेट करून, म्हणजे तिचा वेग बरोबर लावूनच केसमध्ये जाणार, आणि वॉरंटी डिलिव्हरीच्या तारखेपासून धरणार. हे लेखी घ्या असं मी बाकी वाट बघणाऱ्यांना सांगितलं आणि आत्तापर्यंत सहा जणांनी घेतलंय. याला तुम्ही तुरी म्हणताय.

'तुमच्यासारखे लोक' असं लिहिलंयत म्हणून मी कसा माणूस आहे तेही सांगतो. अकरा वर्षांचा असताना वडिलांच्या घड्याळाचं मागचं झाकण मी चाकूने उघडलं होतं, बॅलन्स व्हीलला, म्हणजे आत मागेपुढे फिरणाऱ्या चाकाला, बोट लावलं आणि त्याची हेअरस्प्रिंग गुंतवून ठेवली. दुरुस्त करणाऱ्या काकांनी मला ओरडायच्या ऐवजी शेजारी स्टुलावर बसवलं, डोळ्याला भिंग लावायला दिलं आणि ती केसासारखी स्प्रिंग चिमट्याने सरळ कशी करतात ते अख्खी दुपार दाखवलं. मधे एकदा ते म्हणाले, घाई केली की परत वाकते. वडिलांचं ते घड्याळ अजून चालतंय, मी रोज सकाळी त्याला चावी देतो, आज सकाळीही दिली. बावीस वर्षं झाली मी घड्याळं घेतोय, थोडीच आहेत, पण प्रत्येकासाठी थांबलोय आणि एकही विकलेलं नाही. मला कुणी हौशी नवश्रीमंत समजून चार शब्द शिकवायला आलं की राग येतो, येणारच. तुमच्याकडे स्वतःचं एक तरी असं घड्याळ आहे का ज्याच्यासाठी तुम्ही वर्षभर थांबलायत? हे मी खरंच विचारतोय.

अॅडव्हान्सचा मुद्दा. आधी पैसे घेऊन घड्याळ करणं काही आजचं नाही, ब्रेगे नावाच्या पॅरिसच्या घड्याळजीने अठराव्या शतकाच्या शेवटी एक काट्याची साधी घड्याळं याच पद्धतीने विकली, चौथा हिस्सा आधी घ्यायचा आणि मग घड्याळ करायचं, सूसक्रिप्शन घड्याळं म्हणतात ती हीच. काही कंपन्या मुद्दाम टंचाई करतात का, करत असतील, त्यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत आणि मला त्यात पडायचं नाही. पण मी डोळे मिटून पैसे भरतो असं समजू नका. आधीच्या एका घड्याळाची ऑर्डर डीलरने शेवटच्या क्षणी रद्द केली होती आणि माझाच अॅडव्हान्स परत मिळवायला मला पाच महिने रोज फोन करावा लागला होता. त्यानंतरच मी रद्द करायच्या अटी, परतीची मुदत, सगळं सहीसकट घ्यायला लागलो आणि पहिल्या लेखात शेवटी ते पूर्ण लिहिलंय. कंपन्या माझ्यामुळे लोकांना बसवून ठेवतात हे तुम्ही कशावरून म्हणालात ते मला अजून कळलेलं नाही.

तुमची कमेंट मी काढणार नाही, आहे तशी राहील. परत लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण नाव लिहा, आणि इनॅमलचा लेख वाचून लिहा. कॉस्कची ती ओळ मी आज सकाळीच दुरुस्त केलीये, 'घड्याळ' काढून 'मूव्हमेंट' केलंय आणि खाली तारखेसकट तसं नमूद केलंय.