शॉर्टेजला मेकअप करा म्हणे!

या इंग्रजांकडं शब्दांचा काय दुष्काळ पडला होता का? एक 'मेक', एक 'अप'. दोन्ही पहिलीच्या पोराला येतात. पण दोघं एकत्र आले की थापा मारणं, भांडण मिटवणं, तूट भरून काढणं, अमुक-तमुक मिळून एखादी गोष्ट बनणं, केमिस्टनं औषध कालवून देणं, पाहुण्याचं अंथरूण घालणं आणि तोंडाला रंग फासणं, या सगळ्याला तेच दोन शब्द! वर 'मेक अप युअर माइंड' आहेच. तिथं मनाला पावडर लावायची नसते, काय ते एकदाचं ठरवायचं असतं.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघतो. माल परदेशात जातो, म्हणून मेलही तिकडूनच येतात. आमच्या मालाचं नावच मुळात 'मेड-अप्स'. टॉवेल, चादर, बेडशीट, म्हणजे नुसतं कापड नाही, तर कापून-शिवून वापरायला तयार झालेला माल. कस्टमच्या यादीत ६३ वा चॅप्टर खास त्यासाठी आहे. आता गंमत बघा, चॅप्टरमध्ये 'मेड अप' म्हणजे तयार, पक्का माल आणि 'मेड-अप स्टोरी' म्हणजे निव्वळ बनाव. त्यात लिव्हरपूलकडचा माणूस 'आय ॲम मेड अप' म्हणाला तर तो खूश आहे असं समजायचं. समजा बुवा!

परवाचा मेल असा होता: 'प्लीज मेक अप द शॉर्टेज इन द नेक्स्ट शिपमेंट, अँड मेक अप द सेट्स ॲज पर द ओल्ड लिस्ट.' एका ओळीत दोनदा मेक अप आणि दोन्हीचे अर्थ वेगळे. पहिला म्हणजे कमी पडलेला माल पुढच्या खेपेत भरून द्या. दुसरा म्हणजे जुन्या यादीप्रमाणं सेट जुळवा, एक बाथ टॉवेल, दोन हँड टॉवेल, दोन फेस टॉवेल. पॅकिंगच्या पोरानं ती ओळ मोबाईलला भाषांतराला दिली. उत्तर आलं, 'टंचाईला मेकअप करा.' खोकी उघडी, लेबलं टेबलावर तशीच, नवी यादी घ्यायची का जुनी यावर तिघांची तीन मतं आणि अख्खं खातं खिदळतंय. मालक मात्र हसत नव्हते. अरे बाबा, 'रिप्लेस' लिही, 'सप्लाय' लिही, 'असेंबल' लिही! आम्हाला येतात हे शब्द!

खरी मेख तीच आहे. मोठे शब्द आपल्याला येतात. 'कम्पेन्सेट' जमीन रस्त्यात गेलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला कळतं. 'कॉन्स्टिट्यूट' नागरिकशास्त्रामुळं ओळखीचं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं, मग कोर्टकचेरीत फ्रेंच-लॅटिन वळणाचे भारदस्त शब्द आले आणि 'मेक', 'पुट', 'गेट' ही जुनी चिल्लर घरच्या बोलण्यात तशीच खुळखुळत राहिली. आपल्याकडं इंग्रजी आलं ते कचेरीतून. म्हणून 'पोस्टपोन' आपण झोपेतही लिहू, त्याला जोडीदार हवा म्हणून 'प्रीपोन' पण आपणच रुळवला आणि तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही जाऊन बसला. पण 'पुट ऑफ' दिसलं की बल्ब बंद करायचा का मीटिंग पुढं ढकलायची, इथं गाडी अडते.

आणि इंग्रजांना हे माहीत नव्हतं असं नाही हं. सॅम्युअल जॉन्सननं आपल्या १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत सरळ लिहून ठेवलंय की क्रियापदाला असं शेपूट जोडायची इंग्रजीला फार खोड आहे आणि परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. अशा शेपूटवाल्या क्रियापदांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव रूढ झालं ते लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकामुळं, १९२५ साली. म्हणजे रोग कळल्यावर बारसं व्हायला १७० वर्षं!

पण इंग्रजांपेक्षा जास्त राग मला आपल्या गाइडवाल्यांचा येतो. भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिच्या गाइडात एक ओळ आहे: 'मेक अप - इन्व्हेंट, फॅब्रिकेट, कम्पेन्सेट, कॉन्स्टिट्यूट, रिकन्साइल.' संपलं! एक वाक्य नाही. ती पोरगी जिन्यात बसून हे पाचही शब्द मंत्रासारखे घोकते. आता 'फॅब्रिकेट' म्हणजे खोटं रचणं आणि 'रिकन्साइल' म्हणजे समेट करणं, यांचा एकमेकांशी काय संबंध? सोलापुरात कुणालाही विचारा, फॅब्रिकेशन म्हणजे ग्रिल आणि गेट. मग 'ही मेड अप ॲन एक्स्क्यूज' वाचून तिनं काय समजायचं, पठ्ठ्यानं वेल्डिंग करून सबब बनवली? पुढं 'फॉर' आलं की भरपाई, 'विथ' आलं की समेट, 'टू' आलं की साहेबापुढं लाळघोटेपणा, एवढं तरी छापा की! 'मेक इट अप' बरोबर आणि 'मेक अप इट' चूक, हे कोण सांगणार? क्लासवाले फी घेऊन त्याच ओळीची झेरॉक्स देतात. परीक्षेत मात्र नेमकं वाक्यच विचारतात.

आमच्या अकाउंट्सवाल्याला हे सगळं ऐकवलं तर तो म्हणतो, "काय बे, मराठीत 'लागणे' हाय की!" हाय, कबूल. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते. स्टँडवर एसटी लागते आणि घाटात एखाद्याला तीच एसटी लागते. आमच्या गल्लीतल्या तेलुगू घरात नव्यानं आलेली सून या 'लागणे'नं रडकुंडीला आली होती. पण ती शिकली ना! भाजीवालीशी बोलून शिकली, नळावर भांडून शिकली. तिच्या हातात कुणी 'लागणे - जळणे, मिळणे, दुखणे, पोचणे' असा कागद देऊन परीक्षेला नाही बसवलं. आणि 'लागणे' आलं नाही म्हणून तिचा पगार कुणी अडवला नाही. इथं एका 'अप'चा अर्थ चुकला तर कंटेनर अडतो, आणि शिवी आम्ही खातो.

त्या मेलला मी उत्तर लिहिलं, 'काइंडली कन्फर्म: सप्लाय शॉर्ट क्वांटिटी, असेंबल ओल्ड सेट्स?' संध्याकाळी तिकडच्या साहेबाचं उत्तर आलं, 'यस, सॉरी फॉर द मिक्स-अप.' म्हणजे आता हा आणखी एक 'अप'!