अण्णांचा अंगठा

"तिकडं सख्ख्या पोराच्या सहीला किंमत नाही म्हणं. आपल्याकडं घर ठरवतंय, कोर्ट नाही." आत्याच्या मुलानं, दादानं, घरच्या ग्रुपवर हे टाकलं आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. चार दिवस झाले, माझं डोकं जागेवर नाही. इंग्लंडात, लेस्टरला बसून सोलापूरला अक्कल शिकवते म्हणाल. म्हणा.

विषय आमच्या अण्णांचा, माझ्या वडिलांचा. स्मृतिभ्रंश, त्यात पडून खुबा मोडला. ऑपरेशनच्या कागदावर धाकट्या भावानं सही केली. वर अण्णांचा अंगठाही घेतला. चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस. सहीतल्या शेवटच्या अक्षराचं शेपूट दोन ओळी खाली उतरायचं. व्हिडिओवर मला तो निळा अंगठा दिसला, उशीच्या अभ्र्याला पुसलेला. ते भावाला विचारत होते, "कुठं न्यायलास रे मला?" उत्तर कुणीच दिलं नाही.

इंग्लंडात 2005 चा मानसिक क्षमता कायदा आहे. सज्ञान माणसाला निर्णय घेता येतो, हे त्यात आधी धरूनच चालतात. येत नाही म्हणायचं तर तेवढ्या निर्णयापुरतं, त्या वेळेपुरतं दाखवावं लागतं. सकाळी गोंधळलेला माणूस संध्याकाळी नीट बोलत असेल, तर थांबता येईल तोवर थांबून संध्याकाळी विचारायचं. नाहीच जमलं तर त्याच्या हिताचं काय ते डॉक्टर ठरवतात, पण त्याला पूर्वी काय पटायचं हे घरच्यांना विचारून. मुलगा आहे म्हणून सहीचा हक्क मिळत नाही, हे दादाचं खरं. त्या माणसानं आधी, कळत असताना, उपचारांसाठी मुखत्यारपत्र केलेलं असेल तर मिळतो.

पण दादा, आपल्याकडं तरी कुठं मिळतो? भुलेखाली असलेल्या सज्ञान मुलीसाठी आईनं दिलेली संमती सुप्रीम कोर्टानं 2008 मध्येच अमान्य केली. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आपला प्रतिनिधी नेमता येतो, पण तो मानसिक आजाराच्या उपचारांपुरता. मोडलेल्या खुब्याला त्याचा काय उपयोग? आणि कोमातल्या माणसाचं पालकत्व मागायला घरचे हायकोर्टातच जातात.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. इथल्या दवाखान्यात म्हातारी माणसं किती तास ट्रॉलीवर पडून असतात, ते नाही लिहिलं. भाऊ अकरा रात्री खाटेखाली सतरंजी टाकून झोपला, तेही नाही. आणि त्या कॉलवर मी स्वतः काय केलं? "दुसरा डॉक्टर बघ, आत्ता सही करू नकोस," म्हणून भावावर ओरडले. अण्णांशी बोललेच नाही.

मग हट्टानं माझं मुखत्यारपत्र भरायला घेतलं, लेकीच्या नावानं. त्यात एका माणसानं लिहून द्यावं लागतं, की हिला कळतंय, कुणी दबाव आणलेला नाही. तो नात्यातला नको, आणि दोन वर्षं तरी नीट ओळखणारा हवा. जुळे सोलापुरात आमच्या गल्लीत असे वीसजण मिळतील. त्यातले अर्धे न विचारताच येतील. इथं अठरा वर्षं काढलीत. शेजारीण कचऱ्याच्या डब्यांच्या दिवशी हात करते. ऑफिसातल्यांना माझं नाव अर्धंच येतं. पैसे भरून डॉक्टरकडून लिहून घेता येतं म्हणे. ती चौकट सोडून बाकीचा फॉर्म भरून झालाय.