व्हेनिसमध्ये माणसाने बसायचे तरी कुठे?

माझ्या मावशीला व्हेनिसमध्ये एका दगडी पायरीवरून उठवण्यात आले. या गोष्टीला आता बरेच महिने झाले, तरी माझा संताप ओसरलेला नाही. ती तेथे आडवी झाली नव्हती, कचरा टाकत नव्हती, कोणाची वाट अडवत नव्हती. सकाळपासून पाठीवर आठ किलोंची सॅक घेऊन चालल्यामुळे तिचा उजवा गुडघा ठणकू लागला होता, म्हणून सान मार्को चौकाच्या कडेला कमानींखालच्या पायरीवर ती जरा टेकली होती. दोन मिनिटेही झाली नसतील, तोच गणवेशातला एक तरुण समोर येऊन उभा राहिला आणि त्याने हातानेच उठण्याची खूण केली. तिथून दहा पावलांवर, त्याच चौकाच्या त्याच फरशीवर मांडलेल्या कॅफेच्या खुर्च्यांवर माणसे पाय पसरून बसली होती. त्यांना कोणी उठवत नव्हते, कारण त्यांनी त्या बसण्याचे पैसे मोजले होते.

मावशी साठीला आली आहे. साताऱ्यात नोकरीत असताना ती पहाटे अजिंक्यतारा चढून, घरी येऊन, डबा करून कामावर जात असे. निवृत्तीनंतर पाठीवर सॅक टाकून इटली पाहायची, हा हट्ट तिचाच होता. त्यासाठी आम्ही दोघींनी दोन वर्षे पैसे बाजूला टाकले. एक युरो म्हणजे जवळजवळ शंभर रुपये, हा हिशेब डोक्यात ठेवून आम्ही राहण्याचा आणि शहराबाहेरच्या प्रवासाचा खर्च सोडून दोघींत मिळून दिवसाला चाळीस युरो ठरवले होते. कमी पैशांत फिरायचे म्हणजे गैरसोय होणार, हे आम्हाला ठाऊक होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. आठ जणांच्या खोलीत वरच्या पलंगावर झोपलो, कपडे बेसिनमध्ये धुतले, सकाळी ब्रेड आणि संध्याकाळीही ब्रेडच खाल्ला, आणि हे सगळे आनंदाने केले. परंतु दमलेल्या माणसाला फुकट बसता येऊ नये, याला मी गैरसोय मानत नाही. हा अन्याय आहे.

तो जून २०२५ मधला शनिवार होता. आम्ही मेस्त्रेमध्ये, म्हणजे खाडीच्या अलीकडच्या जमिनीवरच्या स्वस्त भागात उतरलो होतो. खोली सकाळी दहा वाजता सोडायची होती आणि रोमला जाणारी आमची बस रात्री साडेनऊची होती. वसतिगृहातले सामान ठेवण्याचे कप्पे भरलेले होते. स्थानकावर सामान ठेवायचे तर तासांच्या हिशेबाने पैसे पडतात, आणि दोन सॅकचे दिवसभराचे भाडे आमच्या दोन वेळच्या जेवणाएवढे होत होते. त्यामुळे सॅक पाठीवरच राहिल्या. पाठीवर घर घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला असा एक दिवस येतोच. खोली सुटलेली असते, पुढची गाडी रात्रीची असते आणि मधले अकरा तास रस्त्यावर काढायचे असतात. अशा दिवशी माणसाला शहराकडून फार काही नको असते. सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि दर तासाभराने पाठीवरचे ओझे उतरवून दहा मिनिटे बसता येईल अशी जागा, एवढे त्याला पुरते.

यांपैकी पाणी व्हेनिस देते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. गल्लीबोळांतून आणि चौकांतून सार्वजनिक नळांना पिण्याचे थंडगार पाणी अखंड वाहत असते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पण सार्वजनिक स्वच्छतागृहात एका खेपेला दीड युरो मोजावा लागतो. भर उन्हात पाणी पीत राहा, आणि त्यानंतर शरीर जे मागेल त्याचे दीडशे रुपये द्या, असा हा व्यवहार आहे. मावशीने दुपारनंतर पाणी पिणेच कमी केले. मी किती विनवण्या केल्या, तरी ती म्हणाली, "अगं, दर वेळी दीडशे रुपये? राहू दे, बस येईपर्यंत निभेल." सहा हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर कापून आलेली माझी मावशी चौतीस अंशांच्या उन्हात तहान मारत होती, आणि मी काही करू शकत नव्हते.

हे शहर पायी पाहण्यासारखे आहे, असे सगळेच सांगतात. ते खरे आहे, परंतु तेथे चारशेहून अधिक पूल आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना पायऱ्या आहेत, हे कोणी तितक्या ठळकपणे सांगत नाही. सांता लुचीया रेल्वे स्थानकातून बाहेर पडून रियाल्तो पुलावरून सान मार्कोला जायचे, तर चढ-उतार संपतच नाहीत. गुडघा दुखणाऱ्या माणसाला चढण्यापेक्षा उतरण्याचा त्रास अधिक होतो, आणि पाठीवर सॅक असली की प्रत्येक पायरीचा हिसका थेट सांध्यात बसतो. नावेने जावे, तर व्हापोरेत्तोचे, म्हणजे तिथल्या सार्वजनिक नावेचे, पंचाहत्तर मिनिटांचे तिकीट साडेनऊ युरोंचे आहे. दोघींचे एकोणीस युरो, म्हणजे दिवसाच्या खर्चातला अर्धा वाटा एका फेरीत गेला असता. तिथल्या रहिवाशांना हीच नाव दीड युरोत मिळते, आणि ते मला मान्यच आहे, कारण त्यांना रोज त्याच नावेने कामाला आणि बाजाराला जायचे असते. माझा राग तिकिटावर नाही. नाव परवडत नाही म्हणून जो चालतो, त्याने चालता चालता थांबायचे कुठे, एवढेच मी विचारते आहे.

पुलाच्या पायऱ्यांवर बसायचे नाही. चर्चच्या पायऱ्यांवर बसायचे नाही. स्मारकाच्या चौथऱ्यावर, विहिरीच्या कठड्यावर, कालव्याच्या काठावर बसून काही खायचे-प्यायचे नाही. सान मार्को चौकात तर जमिनीवर किंवा पायरीवर नुसते टेकायचेही नाही. नियम मोडल्यास दोनशे युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. या सगळ्याला तिकडे 'देकोरो' म्हणतात, म्हणजे शहराची शोभा, शहराचा आब. २०१९ च्या जुलैमध्ये बर्लिनहून आलेल्या दोन पाठपिशवीवाल्या प्रवाशांनी रियाल्तो पुलाच्या पायथ्याशी छोट्या शेगडीवर कॉफी उकळली, तेव्हा त्यांना ९५० युरो दंड करून शहराबाहेर काढण्यात आले. गर्दीच्या पुलाशी शेगडी पेटवणे चूकच होते, आणि ते करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. परंतु शेगडी पेटवणारा माणूस आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून बसलेली बाई या दोघांना शोभेच्या एकाच फटक्याने हाकलले जाते, तेव्हा शोभा या शब्दाचीच मला चीड येते. थकलेले माणूस दिसले की शहर विद्रूप होते, असे ज्यांना वाटते त्यांच्या डोळ्यांत दोष आहे.

मावशी पायरीवर का बसली, तेही सांगते. पाठीवरची सॅक घेऊन सान मार्कोच्या बासिलिकात, म्हणजे चौकातल्या मोठ्या चर्चमध्ये, जाता येत नाही, म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. आधी मी दोन्ही सॅक सांभाळत उन्हात उभी राहिले आणि मावशी आत जाऊन आली. सोनेरी मोझेइकचे ते घुमट पाहून ती भारावून बाहेर आली, सॅक उचलून सावलीत गेली आणि सवयीने पायरीवर टेकली. आपल्याकडे देवळातून बाहेर पडताना पायरीवर क्षणभर बसल्याशिवाय कोणी निघत नाही. लहानपणी तिनेच मला ते शिकवले होते. वाईच्या घाटावर, नाशिकच्या गंगेवर, गावातल्या पिंपळाच्या पारावर कोण बसले आहे आणि त्याने किती पैसे दिले आहेत, असे कोणी विचारत नाही. आपल्या शहरांत घाण आहे, गोंधळ आहे, पदपथ धड नाहीत, हे सगळे मी मान्य करते. पण दमलेल्या वाटसरूला ओट्यावरून उठवणे आपल्याकडे पाप समजतात, आणि ही समजूत मला त्या चौकातल्या सगळ्या संगमरवरापेक्षा मोठी वाटते. त्या तरुणाने खूण केली तेव्हा मावशी घाईघाईने उठली, तोल जाऊन तिने खांब धरला, आणि 'सॉरी, सॉरी' म्हणत राहिली. तिने माफी मागितली, याचा मला सर्वाधिक राग आहे.

खुर्चीवर बसायचे तर काय होते, हेही इटलीत गेलेल्यांना ठाऊक आहे. बारमध्ये, म्हणजे तिकडच्या कॉफीच्या दुकानात, उभ्याने कॉफी प्यायची त्याचा दर वेगळा, टेबलाशी बसून प्यायची त्याचा वेगळा, आणि दोन्ही दर भिंतीवरच्या पत्रकात शेजारी शेजारी छापलेले असतात. कॉफी तीच असते. फरक फक्त खुर्चीचा असतो, आणि पर्यटकांच्या वाटेवर तो फरक दुप्पट-तिप्पट होतो. खाणावळीत बसताच माणशी 'कोपेर्तो' लागतो, म्हणजे पानावर बसण्याचाच आकार. सान मार्को चौकातल्या जुन्या कॅफेंमध्ये वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचेही वेगळे पैसे बिलात येतात. दुकानदाराने आपल्या खुर्चीचे पैसे घ्यावेत, तो त्याचा धंदा आहे. पण ज्या फरशीवर त्या खुर्च्या मांडल्या आहेत ती चौकाची आहे, सगळ्यांची आहे. चौकाची जागा भाड्याने द्यायची आणि उरलेल्या जागेत बसायला बंदी करायची, म्हणजे बसणे ही विकण्याची वस्तू करून टाकायची.

तिथल्या रहिवाशांचा वैताग मला कळतो. १९५१ मध्ये जुन्या व्हेनिसमध्ये पावणेदोन लाखांच्या जवळपास माणसे राहत होती, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. घरे पर्यटकांना भाड्याने दिली गेली, भाजीच्या दुकानांच्या जागी मुखवट्यांची दुकाने आली, आणि अरुंद पुलावर पर्यटक ठिय्या मारून बसले की म्हातारीला बाजारची पिशवी घेऊन जाता येत नाही. पुलावर बसू नका, हे मला पूर्णपणे पटते, आणि आम्ही एकदाही बसलो नाही. पण त्या शहराची घरे पायरीवर टेकणाऱ्यांनी रिकामी केलेली नाहीत. त्याच जून महिन्याच्या शेवटी एका अमेरिकी अब्जाधीशाच्या लग्नासाठी जगभरचे पाहुणे तेथे आले, तेव्हा पाहुण्यांच्या सोयीसाठी शहराच्या एका भागातले सर्वसामान्यांचे येणे-जाणे रोखण्यात आले. मग शोभेचा बडगा फक्त खिसा हलका असलेल्यांवरच का उगारला जातो?

बाके ठेवायला जागाच नाही, असे मला कोणी सांगू नये. दुपारी चारच्या सुमारास वाट चुकून आम्ही काम्पो सांता मार्गेरीता नावाच्या चौकात पोहोचलो, आणि तेथे लाल रंगाची बाके होती. आजोबा वर्तमानपत्र वाचत होते, मुले चेंडू खेळत होती, आणि आम्हाला कोणीही काही म्हटले नाही. मावशीने बूट काढले, पाय सॅकवर ठेवला आणि अर्धा तास डोळे मिटून बसली. सान मार्कोजवळच्या जार्दिनी रेआलीतही सावलीत बाके आहेत, हे आम्हाला नंतर कळले; ती बाग दुरुस्तीनंतर २०१९ च्या अखेरीस पुन्हा खुली झाली आहे. म्हणजे बाक कसे असते आणि ते कोठे ठेवावे, हे या शहराला उत्तम कळते. फक्त स्थानक ते रियाल्तो आणि रियाल्तो ते सान मार्को या ज्या वाटेवर लाखो माणसे चालतात, तिथे बाके जवळजवळ दिसत नाहीत, आणि नेमक्या त्याच वाटेवर पावलोपावली खुर्च्या भाड्याने मिळतात.

दिवसभरासाठी येणाऱ्या पर्यटकांकडून व्हेनिस २०२४ पासून ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेते. २०२५ मध्ये असे ५४ दिवस होते. आगाऊ भरले तर पाच युरो, ऐनवेळी भरले तर दहा. आमचा शनिवार त्यांतलाच एक होता. मेस्त्रे व्हेनिसच्याच हद्दीत येते, त्यामुळे आम्हाला शुल्क माफ होते, पण ती माफीसुद्धा आधी नोंदवून, तिचा क्यूआर कोड मोबाइलमध्ये बाळगून फिरावे लागले. पहिल्याच वर्षी या शुल्कातून सुमारे २४ लाख युरो जमा झाले. त्यातून मोठ्या वाटांवर पुलांच्या पायथ्याशी, जिथे थोडी रुंदी आहे तिथे, बाके बसवावीत आणि शुल्क भरणाऱ्याला स्वच्छतागृह मोफत द्यावे. माणसाला आत येण्याचे पैसे लावता, तर आत आल्यावर त्याचे शरीरही त्याच्याबरोबर आले आहे, हे मान्य करा.

संध्याकाळी सांता मार्गेरीताहून परत निघाल्यावर चौथ्या पुलावर मावशीचा गुडघा वाकेनासा झाला. आसपास एकही बाक नव्हते, पायऱ्यांवर बसायला ती आता तयार नव्हती. "पुन्हा कोणी उठवलं तर?" असे ती म्हणाली. मग मी तिला समोरच्या कॅफेच्या खुर्चीवर बसवले आणि दोन कॉफी मागवल्या. त्यांचे तेरा युरो झाले. पंचवीस मिनिटांनी वेटर येऊन आणखी काही हवे का, असे विचारून गेला, आणि पाच मिनिटांनी पुन्हा आला, तेव्हा आम्ही उठलो. रात्रीच्या बसमध्ये मावशी पाय मोकळ्या जागेत लांब करून, दोन सॅक टाचेखाली घेऊन जागीच राहिली. रोमला उतरल्यावर आम्ही सर्वांत आधी औषधाचे दुकान शोधून गुडघ्याला बांधायचा पट्टा घेतला. रोमसाठी आमच्याकडे चार दिवस होते. त्यांतले पहिले दोन मावशीने खोलीत पलंगावर, सुजलेल्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून काढले.