राज्ये सार्वभौम नाहीत, म्हणून घटनादुरुस्तीत त्यांना स्थान नाही?

‘राज्ये सार्वभौम नाहीत, त्यामुळे संसदेत दोन-तृतीयांश खासदार असले की घटनेत हवा तो बदल करता येतो आणि विधिमंडळांची मंजुरी हा निव्वळ उपचार असतो’, असा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यातील पहिले विधान खरे आहे, आणि त्याच्याच आधाराने पुढची दोन लोकांच्या गळी उतरवली जात आहेत.

कोळशाच्या जमिनींवरून पश्चिम बंगालने केंद्राविरुद्ध लढवलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्येच राज्यांचे सार्वभौमत्व नाकारले. तथापि राज्यांचे अधिकार संसदेच्या मर्जीतून आलेले नाहीत. ते घटनेनेच दिले आहेत.

दोन-तृतीयांशाचे गणितही अर्धवट आहे. अनुच्छेद 368 नुसार प्रत्येक सभागृहात स्वतंत्रपणे एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते. संयुक्त बैठकीची सोय येथे नाही. शिवाय राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र व राज्यांमध्ये विषयांची वाटणी करणाऱ्या सातव्या अनुसूचीतील सूची, संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व किंवा खुद्द 368 यांना हात लावायचा असेल, तर विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी जाण्यापूर्वी किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचे अनुसमर्थन, म्हणजे ठरावाने मंजुरी, मिळवावे लागते.

या ‘उपचारा’चे वजन किती, हे सहकाराच्या महाराष्ट्राला तरी सांगावे लागू नये. 2011 मध्ये संसदेने 97वी घटनादुरुस्ती मंजूर करून सहकारी संस्थांच्या संचालकांची कमाल संख्या 21 आणि मुदत पाच वर्षे ठरवली. सहकारी संस्था हा राज्यसूचीतला विषय असूनही राज्यांचे अनुसमर्थन घेतले गेले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने 2013 मध्ये या तरतुदी रद्द केल्या, आणि जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतर्गत संस्थांपुरता तो निर्णय कायम ठेवला. बहुराज्य संस्थांपुरत्याच त्या तरतुदी उरल्या, त्याही दोन विरुद्ध एक अशा मताने. संसदेतले बहुमत येथे कामी आले नाही.

राज्यांच्या सीमांचे उदाहरण मात्र या मजकुराच्या बाजूने वारंवार दिले जाते. 1956 मध्ये मुंबई राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागायला गेलेल्या विधेयकात तीन घटकांचा प्रस्ताव होता, संसदेने प्रत्यक्षात केले मराठी-गुजराती भाषकांचे एकच द्वैभाषिक मुंबई राज्य. तरीही ते पुन्हा विधिमंडळाकडे पाठवण्याची गरज नव्हती, असे बाबुलाल पराते यांच्या खटल्यात न्यायालयाने ठरवले. येथे राज्यांची बाजू दुबळी आहे आणि मला ती खटकते. पण अनुच्छेद 4 नुसार असा कायदा 368 खालील घटनादुरुस्ती मानलाच जात नाही, त्यामुळे घटनादुरुस्तीच्या वादात तो पुरावा म्हणून चालत नाही.