चार ग्रॅम लोखंड

बाबांना सावडायला गेलो तेव्हा ठाण्याच्या जवाहरबाग स्मशानात राख अजून ऊबदार होती. भाऊ दूध-पाणी शिंपडत होता, मी अस्थी वेचत होतो. मनगटाचं असावं असं एक हाड हाताला लागलं आणि बाबांचंच वाक्य आठवलं, "बाळ्या, हे लोखंड ताऱ्यात शिजलंय."

बाबा वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. आयटीआय करून लेथवर उभे राहिले ते रिटायर होईपर्यंत. जॉबवरून, म्हणजे लेथवर लावलेल्या लोखंडावरून, निघालेला निळसर, कुरळा कीस निवला की ते माझ्या हातावर ठेवायचे आणि हे सांगायचे.

त्यांच्यापर्यंत हे कसं पोचलं याचं मला आजही अप्रूप वाटतं. १९५७ साली बर्बिज पती-पत्नी, फाउलर आणि हॉइल या शास्त्रज्ञांनी ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी घडतात ते सविस्तर मांडलं. हॉइल यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर पुढे आयुष्यभर मराठीत लिहीत-बोलत राहिले. मग कुठल्याशा दिवाळी अंकातून ते कारखान्यातल्या डब्याच्या सुट्टीत आलं. मोठ्या ताऱ्याच्या गाभ्यात हलके अणू जुळत जुळत लोखंडापर्यंत येतात. त्यापुढे जुळून ऊर्जा मिळत नाही. गाभा कोसळतो, तारा फुटतो. अशा स्फोटांतून उधळलेलं लोखंड पृथ्वीत आलं आणि आपल्या अंगातही. मोठ्या माणसात साधारण चार ग्रॅम, बहुतेक रक्तात.

भेटायला आलेले एक नातेवाईक म्हणाले, "ऊर्जा नष्ट होत नाही, क्वांटमने सिद्ध केलंय. ते इथेच आहेत." त्यांचा हेतू चांगला होता, तरी मला ते लागलं. ऊर्जा टिकते हे क्वांटमच्याही आधीपासून माहीत आहे. पण चितेची ऊर्जा उष्णता होऊन हवेत गेली, तिच्यात बाबा नव्हते. विज्ञानाचा शब्द उचलायचा आणि त्याचा अर्थ टाकून द्यायचा, हे दुःखातल्या माणसाला फसवणं आहे. आधार मलाही हवाय. बाबांनी दिलेला आधार तपासून घेता येतो, म्हणूनच तो त्या सकाळी माझ्या कामी आला. मी देव मानत नाही, पण हाड हातात धरून जे वाटलं त्याला भक्तीशिवाय दुसरा शब्द मला सुचत नाही.

अस्थी खाडीत सोडताना आई म्हणाली, हात जोड. मी मनापासून जोडले. भरती लागली होती. बाबांच्या हाडांतलं कॅल्शियम त्या पाण्यात मिसळत होतं, आणि तेही ताऱ्यांतूनच आलेलं.