गॅस 'संपत' नसतो हो!

दर उन्हाळ्यात तेच. एसी थंड करत नाही म्हटलं की ठरलेलं उत्तर: "गॅस संपलाय, भरून देतो." अहो, गॅस काय पेट्रोल आहे जळून संपायला? बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, ती आधी शोधा! बहुतेकदा बाहेरच्या युनिटपाशी नळी जोडणाऱ्या फ्लेअर नटाभोवती तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. साबणाचा फेस लावला की तिथेच बुडबुडे येतात. पण नाही. थेट सिलिंडर जोडायचा, होजमधली (गॅस भरायच्या नळीतली) हवा तशीच आत ढकलायची आणि दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघून अंदाजाने भरायचं. एसीतला गॅस आर-३२ असो वा आर-४१०ए, गळती काढल्यावर नायट्रोजनने दाब तपासा, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून आतला दाब ५०० मायक्रॉनच्या (पोकळी मोजायचं एकक) खाली खेचा, पंप बंद करून आकडा चढत नाही ना ते बघा, मगच नेमप्लेटवर लिहिलेलं वजन काट्यावर मोजून भरा. ओलावा आत राहिला की तेलात आम्ल तयार होतं आणि एक दिवस कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंगच (तांब्याच्या तारांचं वेटोळं) जळतं. तो हजारोंचा फटका भरणाऱ्याला बसत नाही, घरमालकाला बसतो!