पोरींच्या मंडळाची वही

आमच्या वाडीत पोरींचं मंडळ निघालं, तेव्हा सहाणेवर, म्हणजे देवाची पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर, बसलेल्या एका आप्पांनी विचारलं होतं, "आनि ह्या करतील काय? फुगड्या?" फुगड्या तर घालतातच. पण गेली तीन वर्षं मी या मंडळाची वही बघतेय, म्हणून लिहावंसं वाटलं.

वही साधी, दोनशे पानी. पहिल्याच पानावर खर्चाच्या बाजूला लिहिलंय, 'फक्की ६० रुपये, पावती नाही'. भात कापून मळा मोकळा झाला की पोरी तिथे कबड्डीचं मैदान आखतात, त्याची ही फक्की. आणली होती अध्यक्षीणबाईंनी, वय सतरा. पावती मागितली खजिनदाराने, नववीतली पोर, तीही भर बैठकीत. अध्यक्षीण रुसली, दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी दुकानदाराकडून पावती लिहून घेऊन हजर! मोठ्यांच्या मंडळात एवढ्यावरून वाडीत दोन गणपती बसले असते.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांवर माझा फारसा विश्वास नाही. पाहुणे येतात, "मुलींनो, पुढे या" म्हणतात, फोटो होतो, आणि मुली घरी जाऊन भांड्यांना बसतात. पोरगी धीट होते ती चारचौघांचे पैसे सांभाळताना. आणि हो, चढाईला जाऊन पकडीत सापडल्यावर, गावासमोर मातीत लोळून परत उठताना.

मी स्वतः एकदा पंचायतीत निवडून आले होते. पहिल्या सभेत तोंडातून शब्द फुटेना, ठराव म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. पुरुष मुंबईला, इथे शेती, गुरं, म्हातारी माणसं बायकांच्या अंगावर. तरी गावकीत बोलायचं पुरुषांनी. पंचायतीत निम्म्या जागा आमच्या झाल्या, पण सही बाईची नि कारभार नवऱ्याचा, हे नवीन नाही. चाळिशीपर्यंत जिला कोणी चार माणसांत बोलू दिलं नाही, ती खुर्चीवर बसल्याबसल्या कशी बोलणार?

या पोरी आत्ताच बोलतात. एसटीच्या थांब्यापासून वाडीपर्यंत अंधार असतो, म्हणून अर्ज घेऊन ग्रामसभेआधीच्या महिला सभेत आल्या होत्या. दोन दिवे मागितले, एक लागला. दुसऱ्यासाठी पुन्हा अर्ज तयार आहे, त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत, मी मुद्दाम सुधारल्या नाहीत.

सगळं गोडगोड नाही. बारावी झाली की पोरी चिपळूण, मुंबई गाठतात, मंडळ दरवर्षी निम्मं रिकामं. दिवेलागणीला घराघरातून हाका सुरू होतात, खेळ अर्धा राहतो. भावाला मात्र कोणी हाक मारत नाही.

यंदा गणपतीत मुंबईहून आलेल्या एका काकांनी कौतुकाने पाचशेची नोट पुढे केली. खजिनदाराने पावतीपुस्तक काढलं, मागची पानं उलटली नि म्हणाली, "काका, गेल्या वर्षीचे दोनशे बोलला होतात, ते बाकी आहेत. यातून वळते करू, का वेगळे देताय?"

काकांनी वेगळे दिले.